खांबावरचे चार खिळे आणि नकाशावरची निळी रेषा

आमच्या दुकानात शिरताना उजव्या हाताला सागवानी खांब आहे. त्यात पितळी डोक्याचे चार खिळे ठोकलेले आहेत, त्या त्या वर्षी पुराचं पाणी जिथवर चढलं तिथे. सगळ्यांत वरचा १९६९ चा. तो माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी ठोकला. त्याखाली २००८, २०१६ आणि २०१९ चे. शेवटचे दोन मी ठोकले, कारण तोवर नाना राहिले नव्हते आणि हातोडी माझ्याकडे आली होती.

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान. मागे आणि वर वाडा, त्यात आम्ही आणि दोन जुनी भाडेकरू बिऱ्हाडं. नदी हाकेच्या अंतरावर. घरात तिला आम्ही गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतो. पावसाळ्यात "गंगेला किती पाणी आहे?" असं विचारलं की उत्तर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मिळतं. घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. कमरेच्या वर गेलं की आम्ही खालच्या फळीवरची भांडी वर चढवायला घेतो. छातीला लागलं की सगळं माळ्यावर.

१९ सप्टेंबर २००८, शुक्रवार. पितृपक्ष चालू होता. रामकुंडावर श्राद्धाला बाहेरगावची माणसं आलेली, तांबे, ताम्हणं, पळी-पंचपात्र यांचा खप चांगला होता. पाणी आधी समोरून आलंच नाही. सराफ बाजाराखालून सरस्वती नाला जातो. नदी फुगली की नाल्याला तोंड सापडत नाही, पाणी मागे फिरतं आणि गटारांच्या झाकणांतून वर येतं. मग नदी स्वतः येते. गाळात रुतलेल्या समया आम्ही आठ दिवस चिंच-मीठ लावून घासत होतो. पितळ पाण्यानं मरत नाही. मरतात त्या वह्या, उधारीच्या चिठ्ठ्या, कागदपत्रं. हे लक्षात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे.

त्या पुरानंतर गोदावरीच्या पूररेषा आखल्या गेल्या. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, तिथे नवं बांधकाम नाही. निळी ते लाल नियंत्रित, तिथे अटींवर. आमचा वाडा निळ्या रेषेच्या आत.

गल्लीतले बरेच जण त्या रेषेला शिव्या देतात. मी देत नाही. नकाशावरच्या पातळ्या आमच्या वास्तुविशारदानं यंत्र लावून खांबावर उतरवल्या, तेव्हा लाल रेषा आणि नानांचा १९६९ चा खिळा यांत चार बोटांचा फरक निघाला. चारच बोटं! ज्यांनी ती आखली त्यांनी काम नीट केलंय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०१६ मध्ये ऐन दिव्यांच्या अवसेला, २ ऑगस्टला, विकायला मांडलेले दिवे पाण्यात गेले. २०१९ मध्ये नागपंचमीच्या आदल्या दिवशी पुन्हा तेच. २५ वर्षांचं पाणी तीन वर्षांत दोनदा उंबऱ्यापाशी आलं असं मला वाटलं, म्हणून रेषा नको असं मी कधीच म्हणणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. रेषेनं आम्हाला इथे बांधू नका एवढंच सांगितलं. मग राहायचं कसं, हे बारा वर्षं कुणी सांगितलं नाही. वाडा पाडून बांधता येत नव्हता, म्हणून बिल्डर येत नव्हता. बिल्डर येत नव्हता, म्हणून भाव नव्हता. तारण ठेवायला गेलो तर बँकेतला माणूस नकाशा बघायचा आणि फाइल हळूच परत सरकवायचा. इकडे दर पावसाळ्याच्या तोंडावर दारावर धोकादायक वाड्याची नोटीस लागते. वाड्याची पाठीमागची भिंत पांढऱ्या मातीची. प्रत्येक पुरात ती पाणी पिते आणि वाळताना थोडी सुटते. वरच्या बिऱ्हाडातल्या काकू सत्तरीच्या. जुनं भाडं, महिन्याला भाजी येणार नाही एवढं. त्यांना "घर सोडा" म्हणायला मला तोंड नाही आणि "राहा" म्हणायला छाती नाही. जुलैत पावसाचा जोर वाढला की रात्री मी जिन्याचा आवाज ऐकत पडून राहते. मातीचा एखादा ढेकूळ गळला तरी उठून बसते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची बांधकामांसाठीची एकत्रित विकास नियमावली आली आणि पहिल्यांदा फट दिसली. निळ्या रेषेच्या आतली अधिकृत जुनी घरं पुन्हा बांधता येतील, पण लाल रेषेच्या पातळीच्या ०.४५ मीटर वर. साधारण दीड फूट. मुलानं मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

मग हिशेब मांडला. आमच्या ओट्यापासून लाल रेषा साधारण नऊ फुटांवर. वर दीड फूट. म्हणजे राहतं घर साडेदहा फुटांच्या वर, खाली नुसते खांब. काकूंसाठी, आमच्यासाठी हे सोन्याहून पिवळं. पाणी खालून जाईल, माणसं वर झोपतील. पण दुकान? भांड्याचं दुकान पहिल्या मजल्यावर चालत नाही. गिऱ्हाईक रस्त्यावरून जाता जाता थांबतं, घागर उचलून बोटाच्या पेरानं वाजवून बघतं, घासाघीस करतं. लग्नाच्या रुखवताची भांडी बघायला आलेल्या आजीबाई जिना चढून वर येणार नाहीत. नियम घराचा विचार करून लिहिलाय, बाजारपेठेचा नाही. आणि नाशिकच्या गावठाणात घर आणि दुकान वेगळं कधी नव्हतंच. नदीकाठच्या दुकानदारांना ओट्यावर दिवसा माल मांडून रात्री आवरता येईल अशी सोय नियमात असावी, किंवा काठाची जागा सोडली तर त्याच बाजाराच्या वरच्या अंगाला गाळा मिळावा. नदीची जागा नदीला द्यायला मी आजही तयार आहे.

आणखी एक मनातलं. रेषा आमच्या उंबऱ्यावर जितकी काटेकोर आहे तितकीच ती वरच्या अंगाला, नदीपात्रात भराव टाकून जमीन वाढवणाऱ्यांसाठी असायला हवी. तिकडे पात्र अरुंद झालं की पाणी इकडे चढतं. कुंभमेळ्याच्या कामांत कुंडांच्या तळाशी काँक्रीट घातलं गेलं. पुढे त्यातलं काही निघालं, पण तो मोठा झगडा झाला. आता पुन्हा सिंहस्थ तोंडावर आहे, घाटांवर कामं आहेत. माझं लक्ष त्यांच्या उंचीवर असतं. रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर गंगेवर एक चक्कर मारते.

तर, कागदपत्रं. नियमात शब्द आहे "अधिकृत". आमचा वाडा शंभर वर्षांपेक्षा जुना. तेव्हा कुणी कुणाची परवानगी काढली असेल ती नगरपालिकेच्या काळातली. महानगरपालिका झाली १९८२ मध्ये. घरपट्टीच्या पावत्या आहेत, मालमत्ता पत्रक आहे. खरा आधार सिटी सर्व्हेची सनद, म्हणजे जागेच्या हक्काचा सरकारी दाखला. ती नाना तांब्याच्या डब्यात ठेवायचे, आणि तो डबा खालच्या कपाटात होता. २००८ च्या पुरानंतर उघडला तेव्हा आत चहाच्या रंगाचं पाणी. सनद आम्ही इस्त्रीखाली टिपकागदात घालून वाळवली. शिक्का राहिला, शाई गेली. पुरात सापडलेल्या घराचा पुरावा पुरातच गेला होता.

नकलेसाठी अर्ज केलाय. मुलगा दोन खेपा घालून आला, मूळ नोंद सापडली असं कळलंय, पुढच्या आठवड्यात बोलावलंय. वास्तुविशारदाला मी एकच अट घातली आहे, तो खांब उतरवताना कापायचा नाही. नव्या इमारतीत तो खालच्या मोकळ्या जागेत उभा राहील, त्याच पातळीवर, खिळ्यांसकट. त्यानं माप घेतलं आणि आराखड्यावर पेन्सिलीनं एक छोटा चौकोन काढला.