१२३४५६७८९८७६५४३२१ : ३३३६६७ मूळच निघाली

गेल्या खेपेला नऊ एक्क्यांच्या १११११११११ चा वर्ग, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१, वहीत उभा गुणाकार मांडून काढला होता. प्रत्येक स्तंभात नुसते एक्के साचतात, मधल्यात सर्वांत जास्त म्हणजे नऊ, त्यामुळे हातचा कुठेच येत नाही. दहा एक्के घेतले की मध्ये हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ होतं. डोंगराचं शिखरच ढासळतं. भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या स्थानांच्या नावांनी मोजलं तर आपल्या सतरा अंकी संख्येचा पहिला एक्का ‘मध्य’ स्थानी बसतो, परार्धाच्या एक घर अलीकडे.

या आठवड्यात अवयव पाडले. १११११११११ = १११ × १००१००१ हे नुसतं बघूनच दिसतं. १११ म्हणजे ३ × ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. इथे गाडी अडली. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे का, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानंच न भागली जाणारी? तिचं वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे, म्हणजे १०६ मूळ संख्यांनी भागून बघायचं. कॅल्क्युलेटर न वापरता.

दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. मग लक्षात आलं की ३३३६६७ चा कुठलाही मूळ अवयव ‘प’ घेतला तर तो नऊ नव्वांच्या ९९९९९९९९९ लाही भागतो, म्हणजे १० च्या नवव्या घाताला ‘प’ ने भागून बाकी १ उरायलाच हवी. तिसऱ्या घातालाच १ उरली तर ‘प’ ९९९ ला भागणार, म्हणजे ३ किंवा ३७. तीनने जात नाही, कारण अंकांची बेरीज २८. सदतीसने भागलं तर बाकी १, कारण ३३३ आणि ६६६ दोन्ही त्याच्याच पाढ्यात. ते दोघे गेले. आता फर्माच्या छोट्या प्रमेयानं (१० च्या प − १ व्या घाताला ‘प’ ने भागलं की बाकी १ च उरते) प − १ ला ९ ने भाग गेलाच पाहिजे, आणि ‘प’ विषम असल्यानं १८ नेही. उरले फक्त सोळा : १९, ७३, १०९, १२७, १६३ असे करत ५७७ पर्यंत. हे सुचलं तेव्हा झालेला आनंद अजून ताजा आहे.

१६३ ला बाकी ६. ५२३ ला तर श्वास रोखला होता : ५२३ × ६३८ = ३३३६७४, फक्त सातनं हुकलं! शेवटी ५७७ ला बाकी १६१. मूळ आहे, पक्कं.

तर आपली संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७², आणि तिचे विभाजक ५ × ३ × ३ = ४५. अंकांची बेरीज ८१, तीही ३⁴, म्हणजे ती तिच्याच अंकांच्या बेरजेनं भागली जाते : १२३४५६७९ चा वर्ग उरतो. अशा संख्यांना देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं. या डोंगरासारख्या संख्या तर त्यांच्या डेम्लो कुळातल्याच. ते नाव त्यांनी डोंबिवली स्टेशनावरून ठेवलं.

पुढची पाळी सतरा एक्क्यांची. तिचा प्रत्येक मूळ अवयव ३४ च्या पटीत एक मिळवून येणारा असणार. १०३, १३७ आणि २३९ रफ वहीत मांडून ठेवले आहेत.