जर्मनीत एका पगारात मुलं वाढवताना

जर्मनीत नव्यानं आलेली मराठी कुटुंबं काटकसरीला सुरुवात करतात ती स्वयंपाकघरापासून. प्रत्येक किमतीला मनातल्या मनात रुपयांनी गुणायचं आणि मुलांची फळंसुद्धा मोजून आणायची. कृपा करून हे करू नका. मुलांच्या ताटातून फारसं काही वाचत नाही. पैसा वाचतो तो वेळेत भरलेल्या अर्जांतून आणि नीट पारखून घेतलेल्या जुन्या वस्तूंतून.

सगळ्यात आधी किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठी मिळणारा सरकारी भत्ता. जानेवारी २०२६ पासून प्रत्येक मुलामागे महिन्याला २५९ युरो मिळतात आणि ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरी-परवान्यावर, आलेल्यांनाही ते मिळतात. ‘सरकारी पैसे घेतले तर पुढे व्हिसाला अडचण येईल’ ही भीती सोडा. परदेशी नागरिकांच्या निवास कायद्यातच किंडरगेल्ड अशा सरकारी मदतीच्या हिशेबातून वगळलेलं आहे. मूल मात्र तुमच्याजवळ जर्मनीत राहायला हवं. पुण्यात आजी-आजोबांकडे ठेवलेल्या मुलासाठी हे पैसे नाहीत. अर्ज केल्यावर मागच्या सहाच महिन्यांचे पैसे मिळतात. जानेवारीत आलात आणि अर्ज सप्टेंबरात केलात, तर दोन महिन्यांचे ५१८ युरो गेले ते गेलेच.

अर्ज अडतो तो साध्या कारणानं. त्यात पालकाचा आणि मुलाचा करओळख क्रमांक, म्हणजे श्टॉयर-आयडी, लिहावा लागतो. पत्ता नोंदवला की तो प्रत्येकाच्या नावानं पोस्टानं येतो. टपालपेटीवर ते आडनाव नसेल तर पत्र परत जातं आणि तुम्ही वाट बघत बसता. म्हणून घराची किल्ली हातात आली की त्याच दिवशी पेटीवर आडनावांची चिठ्ठी लावा; नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा. भारतातून निघण्यापूर्वी मुलाचा जन्मदाखलाही बघून घ्या. बाळाचं नाव त्यावर चढलेलं असावं आणि आईचं नाव पासपोर्टशी जुळावं. माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे असलं की पत्रव्यवहार लांबतो.

आरोग्य विमा निवडताना पुढची दहा वर्षं डोळ्यांसमोर ठेवा. एकट्या माणसाला खासगी विम्याचा हप्ता कमी वाटतो, पण तिथे जोडीदाराचा आणि प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा असतो. सार्वजनिक विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. खासगीतून परत फिरणं फार अवघड. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: तापाचं सिरप किंवा नाकातले थेंब अशी चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधंसुद्धा डॉक्टरांनी लिहून दिली, तर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यांचा खर्च सार्वजनिक विमा देतो. दवाखान्यातून निघण्यापूर्वी तसं जरूर विचारा.

नोकरीचं शहर निवडायची मुभा असेल तर पगारासोबत कीटाची, म्हणजे बालवाडीची, फीसुद्धा बघा. बर्लिनमध्ये ऑगस्ट २०१८ पासून फी नाही, जेवणाचे महिना २३ युरो द्यावे लागतात. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र गावोगावी वेगळी फी आहे. २०२५ पासून या खर्चाच्या ८० टक्के, पण मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ४,८०० युरो, करपात्र उत्पन्नातून वजा होतात. जेवणाचे पैसे त्यात धरत नाहीत आणि रोखीनं दिलेलेही चालत नाहीत. फी बँकेतूनच भरा.

आता कपडे. इथलं मूल पावसातही अंगणात खेळतं, त्यामुळे चिखलात घालायची पँट, गमबूट आणि बर्फातला सूट यांना पर्याय नाही. नवं घेतलंत तर खिसा रिकामा होतो आणि सूट एका हिवाळ्यात आखूड होतो. वसंतात आणि शरदात चर्च, शाळा किंवा कीटा मुलांच्या जुन्या वस्तूंचा बाजार भरवतात. गरोदर बाईला पुष्कळ ठिकाणी अर्धा-एक तास आधी सोडतात; गर्भारपणाची नोंदवही, मुटरपास, सोबत ठेवा. कपड्यावरचा आकडा म्हणजे मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये: ८६, ९२, ९८, असा सहा-सहानं वाढणारा. हिवाळी सूट मार्चच्या बाजारात पुढच्या वर्षासाठी घ्या. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दोन मापं मोठा, त्यापुढच्याला एक. चिखलाची पँट उजेडाकडे धरून गुडघ्याजवळची शिवण बघा; तिथली पट्टी सुटत आली असेल तर पाणी आत येणारच. बुटाखाली अडकवायचं रबर ओढून बघा, ते सैल असेल तर पँट वर सरकते.

गाडीतली सीट आणि हेल्मेट मात्र अनोळखी माणसाकडून जुनं घेऊ नका. अपघातात आतून आलेली चीर बाहेरून दिसत नाही. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

किराण्यात एवढंच करा: मसूर, छोले, कोथिंबीर तुर्की दुकानातून आणा. श्रीखंडासाठी चक्का बांधायची गरज नाही; डब्यावर ४० टक्के स्निग्धांश लिहिलेलं क्वार्क, म्हणजे इथलं चक्क्यासारखं ताजं चीज, साखर-वेलची घालून फेटलं की झालं. मागेरक्वार्क, म्हणजे स्निग्धांश काढलेलं क्वार्क, घेऊ नका; त्याचं श्रीखंड कोरडं आणि आंबट होतं.

गावाकडच्या फेऱ्यांचंही गणित आधी मांडा. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसत असेल तर बहुतेक विमान कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्केच घेतात, म्हणून एक फेरी दुसऱ्या वाढदिवसाआधी, परतीच्या प्रवासासकट, उरका. पहिलीत गेलेल्या मुलाला सुट्टीव्यतिरिक्त परवानगीशिवाय नेलं तर दंड होतो आणि सुट्टीत तिकिटं चढतात. दिवाळीला घरी जायचं असेल, तर ती वर्षं शाळेआधीचीच.