सबवूफर सोफ्याच्या मागे

आज सबवूफर (बेसचा, म्हणजे खर्जातल्या आवाजाचा स्पीकर) कोपऱ्यातून काढून सोफ्याच्या मागे आणला, खाली जाड रबरी पॅड टाकले, आणि काय सांगू, आवाज बराच कमी करूनही डग्ग्याचा घुमारा थेट पाठीत जाणवतो! कोपऱ्यात बेस नुसता फुगतो. ४० हर्ट्झच्या खोल आवाजाची लाट जवळजवळ साडेआठ मीटर लांब, ती पडद्या-गालिच्यांना कुठे दाद देते, आणि सबवूफरच्या खोक्याचा थरथराट तर लादीतून स्लॅबमध्ये उतरतो, म्हणून तो लादीपर्यंत पोचूच द्यायचा नाही. गाणं चालू ठेवून खालच्या आजींकडे गेलो, तर म्हणाल्या, "लावलंयस का रे?" इतकं बरं वाटलं ना! दादरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये भिंतीला भिंत लागून घरं, तेव्हा एवढं तर बघायलाच हवं. रात्री १० नंतर मात्र हेडफोनच, वरच्या काकांना पहाटेची लोकल असते.