एकशे पंचवीस की एकशे साठ: डबल सीटचा हिशेब

जुनी शंभर सीसीची मोटारसायकल बदलायची वेळ आली, तेव्हा बरीच पाहणी करून माझ्यासमोर होंडाच्याच दोन गाड्या उरल्या होत्या: १२५ सीसी गटातली शाइन आणि १६० सीसी गटातली युनिकॉर्न. सकाळी मुलुंडहून निघायचे, पत्नीला पवईला सोडायचे आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पुढे अंधेरीला जायचे, हा माझा रोजचा रस्ता. त्यामुळे कमाल वेगाचे आकडे मी आधीच बाजूला ठेवले होते. सागरी सेतू, ईस्टर्न फ्रीवे, सागरी किनारा मार्ग आणि अटल सेतू हे मुंबईतले वेगवान रस्ते मोटारसायकलींना बंदच आहेत.

तपशील वाचताना एक गोष्ट मला फार उद्बोधक वाटली. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली होणारी धाव, जवळजवळ सारखाच, ६३.१ मिलिमीटर आहे. फरक आहे तो सिलिंडरच्या व्यासात. शाइनचा व्यास ५० मिलिमीटर आणि युनिकॉर्नचा ५७.३, आणि एवढ्यानेच एकीची क्षमता १२४ सीसीच्या आसपास राहते, तर दुसरीची १६२.७ सीसी होते. ताकद अनुक्रमे सुमारे १०.७ आणि १३ पीएस, म्हणजे अश्वशक्ती. पण युनिकॉर्न वजनालाही सुमारे २५ किलोंनी जास्त असल्यामुळे नुसत्या गाडीच्या वजनाने ताकदीला भागले, तर दोघी जवळपास बरोबरीत येतात.

एकट्याने शहरात गाडी चालवणाऱ्याला मोठ्या इंजिनाचा फारसा लाभ जाणवत नाही, तो यामुळेच. मात्र गाडीवर मिळून दीडशे किलोंची दोन माणसे बसली की हिशेब पालटतो. शाइनचा कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, सुमारे ११ न्यूटन मीटर आहे आणि युनिकॉर्नचा साडेचौदाच्या आसपास; तो एकूण वजनाला विभागला, तर डबल सीट असताना युनिकॉर्नची ओढ दर किलोमागे सुमारे एक पंचमांशाने जास्त भरते. लिंक रोडवर रेल्वेवरचा पूल चढताना पुढची बस थांबत थांबत सरकते, तेव्हा ही जास्तीची ओढ हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, कमी वेळ राहावे लागण्यात दिसते, आणि क्लच प्लेटचे आयुष्य बरेचसे याच सवयीवर ठरते.

खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे. नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीपर्यंत ३,८५१ रुपये आणि त्यापुढे ३५० सीसीपर्यंत ७,३६५ रुपये आहे, म्हणजे १४९ सीसीची गाडी घेणारा स्वस्त गटात राहतो आणि १६० वाला जवळजवळ दुप्पट भरतो. मायलेज गर्दीत ५५ आणि ४५ धरले, तर महिन्याच्या ७५० किलोमीटरला तीन लिटर पेट्रोल जास्त लागते.

युनिकॉर्नचा हा जास्तीचा खर्च मी मान्य केला, त्याला ओढीइतकेच ब्रेकही कारण आहेत. १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, २०१९ पासून बंधनकारक आहे. शाइनला कॉम्बी ब्रेक मिळतो, जो दोन चाकांत जोर वाटून देतो, पण चाक लॉक होणे थांबवत नाही. युनिकॉर्नचे एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, तरीही जुलैच्या पावसात उड्डाणपुलाच्या ओल्या लोखंडी सांध्यावर पुढचे चाक घसरण्याची भीती ज्याने एकदा अनुभवली आहे, त्याला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. रोज एकट्यानेच जायचे असते, तर कदाचित मी शाइन घेतली असती आणि पावसात अधिक सावकाश गेलो असतो.

शोरूममध्ये चाचणीसाठी गाडी एकट्यालाच देत होते. पत्नीला मागे बसवून चढावर नेऊ द्या, असा मी आग्रह धरला आणि दोन्ही गाड्या तशा चालवून पाहिल्यावरच युनिकॉर्नची नोंदणी केली. वजनाचा फरक आता सोसायटीच्या दाटीच्या पार्किंगमध्ये रोज जाणवतो. जुनी गाडी पत्नी सहज बाजूला सरकवत असे. ही सरकवायला मलाच खाली उतरावे लागते.