आमच्या ओपीडीतलं रेकॉर्ड बदललं, माझा अनुभव

मी लहान मुलांच्या न्यूरो ओपीडीत डॉक्टर आहे. आमच्याकडच्या बऱ्याच केसपेपरवर एकच ओळ असायची, सीपी, फिट्स, औषधं चालू, फॉलोअप. सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी, वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर परिणाम होतो तो आजार. आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड टाकला की सीपीला जी८०, बास. आता त्या जी८० मध्ये स्वतःच्या पायांनी पळणारं मूलही आलं आणि मान न धरणारंही, आणि आई मात्र प्रत्येक नव्या डॉक्टरला बाळंतपणापासून सगळं परत सांगतेय. मला ते फार लागायचं.

मग ठरवलं, डायग्नोसिसबरोबर मुलाच्या गरजांची वेगवेगळी नोंद करायची. चालणं, हात, गिळणं, बोलणं, दिसणं, ऐकणं, झोप, दुखणं, पोटात नळी किंवा डोक्यात शंट (मेंदूतलं साठलेलं पाणी काढणारी नळी) आहे का. चालण्यावर वादच झाला नाही कारण १९९७ पासून जीएमएफसीएस ही हालचालींची पातळी ठरवायची पद्धत आहे, लेव्हल १ म्हणजे स्वतः चालणारं मूल ते लेव्हल ५ म्हणजे मानही नीट न धरणारं, बाकीच्या प्रत्येक रकान्यावर मात्र फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, नर्स सगळ्यांशी भरपूर चर्चा झाली.

सगळ्यात जास्त अडलो ते रिकाम्या जागेवर. गिळण्यापुढे काहीच लिहिलं नसेल तर त्रास नाहीये की कुणी विचारलंच नाही? जुन्या फाइलींतून हे कळायला मार्गच नव्हता. म्हणून आता आहे, नाही आणि विचारलं नाही असे तीन पर्याय ठेवलेत. माझ्या मते अख्ख्या फॉर्ममधली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

वेळ कुठून आणायचा हा प्रश्न बरोबरच होता, गर्दीच्या ओपीडीत कोण एवढं लिहिणार. त्यामुळे अर्धा फॉर्म आईवडील बाहेर बसल्या बसल्याच भरतात आणि आत आम्ही त्यांच्यासमोर तो पूर्ण करतो. त्यातून दुखण्याच्या रकान्याला एक ओळ वाढली, न बोलणाऱ्या मुलाला दुखतंय हे घरी कशावरून ओळखता? कुणी लिहितं दात खातो, कुणी लिहितं पाय ताठ करते, रात्री इमर्जन्सीत मूल आलं की अनोळखी डॉक्टरला हे वाचायला मिळणं किती मोलाचं आहे! वजनापुढे तारीख पण घालतो, फिट्सच्या बऱ्याच औषधांचा डोस किलोवर ठरतो ना.

आणि मुख्य म्हणजे आता शोधता येतं. सीपीत खुबा सरकण्याचा धोका लेव्हल १ ला जवळजवळ नसतो आणि लेव्हल ५ ला ९० टक्क्यांच्या आसपास जातो, सुरुवातीला दुखतही नाही त्यामुळे एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. लेव्हल ३, ४, ५ ची कुठली मुलं एक्स-रेविना राहिलीत ती यादी पूर्वी निघूच शकत नव्हती, आता निघते आणि आमची नर्स त्या घरांना फोन करते.

सध्या मोठ्यांच्या विभागात जाणाऱ्या मुलांसाठी याच फॉर्मचं एक पान तयार करतोय, ते आईवडिलांच्या हातातही द्यायचंय.