मिठाला पाणी सुटतं ते येतं कुठून

मे महिन्यात गावी गेलो होतो तेव्हा शिरोड्याच्या वेळागरवरून समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणलं, एक लिटर. भाचीने विचारलं होतं की मामा मिठागरात नक्की करतात काय, आणि मला नीट सांगता येईना. शिरोड्यात वाढलेल्या माणसाला हे सांगता येऊ नये याचं वाईट वाटलं खरं, कारण १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ती मिठागरं आमच्याच गावातली.

पुण्याला आल्यावर पाणी फडक्यातून गाळून काचेच्या ट्रेमध्ये ओतलं आणि ट्रे गच्चीवर कठड्याच्या आडोशाला ठेवला. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं पाऊण हिश्शापेक्षा थोडं जास्त आपलं खायचं मीठ, बाकीचे मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरेंचे क्षार. मला वाटायचं पाणी आटलं की सगळं एकदमच खाली बसत असेल पण तसं नाहीये, प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. आधी थोडी चुनखडी, मग पाणी पाव ते एक तृतीयांश उरलं की जिप्सम म्हणजे कॅल्शियमचाच दुसरा एक क्षार, आणि मीठ मात्र पाणी जवळजवळ दहावा हिस्सा उरेपर्यंत विरघळलेलंच राहतं. म्हणूनच मिठागरात पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं फिरवत नेतात, नको ते आधीच्या वाफ्यांत बसतं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला होता, ट्रेमध्ये अगदी थोडं पाणी उरलं होतं आणि त्यावर काहीतरी पांढरं तरंगताना दिसलं. मला धूळ वाटली. भिंग घेऊन बसलो तर चौकोनी होड्या! मसुराच्या दाण्याएवढ्या, आतून पोकळ, चारही बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या, उलट्या पिरॅमिडसारख्या. पाण्याची वाफ पृष्ठभागावरूनच होते ना, म्हणून पाणी सगळ्यात खारट तिथेच होतं आणि मिठाचा पहिला कण तिथेच धरतो, तो पाण्याच्या पृष्ठभागाच्या ताणावर तरंगतो, जड होऊन किंचित खाली जातो, मग वरच्या कडेला नवी चौकट धरते, परत खाली जातो, परत चौकट. बोटाने हलकासा धक्का दिला की बुडते. अर्धा तास उन्हात बसून होतो, भाचीला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, तीही हलेना.

शेवटी चमचाभर पाणी उरलं ते काही केल्या वाळेना. बोट लावून चाखलं तर कडूजहर, कारण त्यात मॅग्नेशियम उरलेलं असतं. मिठागरातही हे कडू पाणी पूर्ण आटू देत नाहीत, सोडून देतात. मीही ओतून टाकलं, मीठ निथळून वाळवलं तर पंचवीसेक ग्रॅम भरलं.

पण खरी गंमत जुलैत कळली. आईकडे गेलो तर नेहमीसारखं खडेमिठाच्या बरणीत तळाला पाणी. आई म्हणाली, "अरे मिठाला पाणी सुटतंच पावसात, त्यात काय बघायचंय?" मी बशीत आणखी विरघळणार नाही इतकं मीठ घालून पाणी तयार केलं, पेनाने खूण केली आणि बशी खिडकीत ठेवली, पाऊस लागणार नाही अशी. आठ दिवसांनी पाणी खुणेच्या वर!

म्हणजे हवेतलं पाणी बशीत आलं होतं. पाण्याचे कण सतत हवेत उडत असतात आणि हवेतले परत पाण्यात येत असतात, उडणारे जास्त असले तर आपण म्हणतो वाळतंय. पण पाण्यात मीठ असलं की ते कणांना धरून ठेवतं, उडणारे कमी होतात. मिठाने पूर्ण भरलेल्या पाण्याचा हिशोब ७५ टक्के आर्द्रतेला बरोबर जुळतो, हवा त्याहून कोरडी असेल तरच ते वाळतं, दमट असेल तर उलट पाणी ओढून घेतं. हा आकडा इतका पक्का आहे की आर्द्रता मोजायचं मीटर बरोबर आहे का हे डबीत ओलं मीठ ठेवून तपासतात! कोकणात पावसाळ्यात हवा ७५ च्या खाली क्वचितच येते. म्हणजे पाऊस उघडला तरी त्या दिवसांत मीठ धरणं अवघडच. मॅग्नेशियमचा तो कडू क्षार तर ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढायला लागतो, म्हणून खडेमीठ जास्त पाझरतं आणि पिशवीतलं धुऊन शुद्ध केलेलं मीठ कमी.

आईला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आजी मिठाची टोपली मडक्यावर टांगायची, खाली गळलेलं पाणी फेकून द्यायची आणि वरचं मीठ लोणच्याला वापरायची, म्हणायची आता कडूपणा गेला. ओल्या हवेने आधी मॅग्नेशियमचा क्षारच विरघळून खाली जात असणार, मीठ मागे राहत असणार. यंदा आईच्या खडेमिठाची तशी टोपली टांगून आलोय, गळलेलं पाणी बाटलीत साठवायला सांगितलंय. दिवाळीला गेलो की ते आटवून बघणार.