मॅडम, माझी सकाळ संध्याकाळी होते

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज इंग्लिशच्या बॅचला सिंपल प्रेझेंट टेन्स, म्हणजे साधा वर्तमानकाळ, घेतला आणि घरी आल्यापासून तेच डोक्यात चाललंय, झोप काही येणार नाही, म्हणून लिहूनच ठेवते. ही मोठ्या माणसांची बॅच आहे, बारा जण, सगळे आपापली कामं सांभाळून येतात. वाचता येतं बऱ्यापैकी, पण बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो.

हा टेन्स मी कायम रोजच्या दिनक्रमातूनच शिकवते. एकतर प्रत्येकाकडे दिवस असतो, त्यामुळे 'मला काही सुचत नाही' ही अडचण येत नाही, आणि दुसरं म्हणजे तेच ते दहा-बारा क्रियापद पुन्हा पुन्हा तोंडात येतात. माझ्याकडे त्यासाठी एक चित्रांचा तक्ता आहे, एक माणूस सकाळी सहाला उठतो, दात घासतो, आंघोळ करतो, कामाला जातो, संध्याकाळी परत येतो, दहाला झोपतो. किती वर्षं तोच लावतेय मी भिंतीवर.

सुरुवात नेहमीसारखीच झाली. पहिल्या पाचातल्या तिघांनी 'आय ॲम गेट अप ॲट सिक्स' म्हटलं. हे ॲम कुठून येतं यावर मी खूप विचार केलाय. मराठीत आपण 'मी उठतो' म्हणतो, त्यात 'आहे' कुठेच नाही, मग इंग्लिशमधे ते यायला नको ना? पण आपण सगळे इंग्लिश शिकतो ते 'आय ॲम अ स्टुडंट' पासून, त्यामुळे 'मी' म्हणजे 'आय ॲम' अशी गाठच बसलेली असते डोक्यात. म्हणून मी आता नियम सांगत नाही, फळ्यावर 'मी उठतो' लिहिते आणि विचारते, यात आहे कुठंय? शोधतात, सापडत नाही, मग स्वतःच ॲम खोडतात. आणि एका ताईंनी विचारलं की मी बाई आहे तर माझं 'उठते' वेगळं कसं लिहायचं, तेव्हा सांगितलं की इथे तो त्रास नाही, उठतो पण गेट अप आणि उठते पण गेट अप. इतक्या खूश झाल्या त्या!

'वेक अप' आणि 'गेट अप' मधला फरक मात्र आज छान निघाला. एक काका, नुकतेच रिटायर झालेत, म्हणाले, मला पाचला जाग येते पण उठतो मी साडेसहाला, उठून करायचंय काय. म्हटलं काका, हेच तर हवंय, जाग येणं म्हणजे वेक अप आणि उठणं म्हणजे गेट अप. तसंच रात्रीचं, आडवं होणं म्हणजे गो टू बेड आणि झोप लागणं म्हणजे फॉल अस्लीप, या दोन्हीच्या मधे किती तास जातात ते ज्याचं त्याला माहीत. घड्याळाच्या बाबतीत तर मराठी माणसाला आयतंच मिळतं सगळं, सव्वासहा म्हणजे क्वार्टर पास्ट सिक्स, साडेसहा म्हणजे हाफ पास्ट सिक्स, पावणेसात म्हणजे क्वार्टर टू सेव्हन, एकास एक जुळतं. हे सांगितलं की चेहरे उजळतात, कारण काहीतरी आपल्याला आधीपासूनच येत होतं असं वाटतं.

मग सगळ्यांना म्हटलं तक्त्यावर बघून आपापली पाच वाक्यं लिहा. शेवटच्या बाकावरचे एक दादा पेन हातात धरून नुसतेच बसले. विचारलं काय झालं, तर म्हणाले, "मॅडम, माझी सकाळ संध्याकाळी होते. तुमच्या तक्त्यातलं काहीच माझं नाही."

ते रात्रपाळीला असतात, सिक्युरिटीचं काम. रात्री नऊला हजर व्हायचं, सकाळी सातला सुटायचं.

मला एकदम लक्षात आलं की इतकी वर्षं मी एकाच माणसाचा दिवस सगळ्यांच्या गळ्यात घालतेय. तक्ता काढून ठेवला आणि म्हटलं, दादा, तुमचाच दिवस घेऊ आज, या पुढे. आले, फळ्याजवळ उभे राहिले आणि एकेक शब्द शोधत शोधत बोलायला लागले. आय गेट अप ॲट थ्री इन द आफ्टरनून. ॲम नव्हतं! मग, आय गो टू बेड ॲट नाईन इन द मॉर्निंग. वर्गात कोणीच हसलं नाही, सगळे ऐकत होते.

तेवढ्यात मघाच्याच ताई म्हणाल्या, "दादा, व्हेन यू सी युअर फॅमिली?"

डू नव्हता त्यात, पण मी मधे पडले नाही, कारण आज पहिल्यांदाच कोणीतरी खरंच जाणून घ्यायचं म्हणून प्रश्न विचारला होता. एरवी आम्ही 'व्हॉट टाइम डू यू ब्रश युअर टीथ' असलं विचारतो एकमेकांना, ज्याच्या उत्तरात कोणालाच काडीचा रस नसतो. मी फक्त फळ्यावर व्हेन आणि यू च्या मधे एक रिकामी चौकट काढली. ताईंनी बघितलं, ओठातल्या ओठात पुटपुटल्या आणि परत विचारलं, "व्हेन डू यू सी युअर फॅमिली?"

दादा थोडं थांबून म्हणाले, "माय डॉटर गो... गोज टू स्कूल ॲट सेव्हन. आय कम होम ॲट क्वार्टर टू एट."

कोणीतरी मागून विचारलं, मग संध्याकाळी? मुलगी शाळेनंतर ट्यूशनला जाते. "शी कम्स होम ॲट सिक्स. ऑन ट्यूजडे अँड थर्सडे, आय लीव्ह ॲट क्वार्टर टू सिक्स." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऑन ट्यूजडे, आय डोन्ट सी माय डॉटर."

मंगळवार आणि गुरुवार म्हणजे आमचा क्लास. साडेसहा ते आठ. इथून ते सरळ ड्यूटीवर जातात.

मी डोन्ट आणि डझन्ट पुढच्या आठवड्यात घेणार होते, यादीत तसंच आहे. त्यांनी ते कुठे ऐकलं होतं माहीत नाही, पण वाक्य एकदम बरोबर होतं आणि त्याच्याइतकं खरं वाक्य माझ्या वर्गात कित्येक दिवसांत कोणी बोललेलं नाही.

त्यानंतर सगळ्यांना जोड्यांमधे बसवलं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, आणि मग विचारणाऱ्याने तो दिवस सगळ्या वर्गाला सांगायचा. कारण नुसतं 'आय, आय' करत बसलं तर 'ही गोज', 'शी कम्स' मधला तो शेवटचा एस कधी लागतच नाही क्रियापदाला, दुसऱ्याबद्दल बोलल्याशिवाय त्याची गरजच पडत नाही. आणि हा एस फार चिवट आहे. रॉजर ब्राऊन या मानसशास्त्रज्ञाने इंग्लिश मातृभाषा असलेल्या तीन मुलांचं बोलणं बारकाईने तपासलं होतं, 1973 मधे छापलं ते, त्याने पाहिलेल्या 14 व्याकरणरूपांमधे हा एस बराच उशिरा येतो, 'गोइंग' मधलं आयएनजी केव्हाच येऊन गेलेलं असतं. ज्यांची ती आईची भाषा, त्यांच्या मुलांनाही तो उशिरा येतो, मग माझ्या लोकांवर मी कशाला चिडू? आधी चिडायचे. आता कोणी 'ही गो' म्हटलं की फक्त भुवया उंचावते आणि थांबते, बऱ्याचदा ते स्वतःच 'ही गोज' करतात.

काकांनी विचारलंच, हा एस ठेवलाय कशाला, बाकी कुठे नाही तर इथेच का. त्यांना सांगितलं की जुन्या इंग्लिशमधे आपल्यासारखेच प्रत्यय होते, मी, तू, तो, सगळ्यांना वेगवेगळे, हळूहळू झिजून गेले आणि हा एकटा उरला. शेक्सपिअरच्या काळात तर 'हॅज' आणि 'हॅथ' दोन्ही चालायचं. काका म्हणाले, म्हणजे आमच्यासारखा, सगळे गेले आणि हा राहिला. मी काहीच बोलले नाही, त्यांचा हात धरला जरासा.

उच्चाराचं थोडक्यात घेतलं. वर्क्स मधे स, पण गोज मधे ज, तोही 'जोर' मधला, 'जीव' मधला नाही, आणि वॉच चं वॉचिज. बोटं गळ्यावर ठेवायला लावली, थरथर लागली की ज. यावर एक अख्खा तास द्यायला हवा खरंतर.

शेवटी ताई उभ्या राहिल्या आणि दादांचा दिवस सांगितला. ही गेट्स अप ॲट थ्री. ही कम्स टू क्लास ऑन ट्यूजडे अँड थर्सडे. एकही एस सुटला नाही त्यांचा. आणि शेवटी मी न सांगता स्वतःहून म्हणाल्या, "ऑन संडे ही सीज हिज डॉटर ऑल डे." दादांनी मान हलवली, हो, रविवारी सुट्टी असते.

तक्ता मी घरी घेऊन आलेय. फेकवत नाहीये, पण भिंतीवर आता तो एकटा नाही लावणार, गुरुवारी बारा कोरे कागद नेणार आहे, ज्याने त्याने आपला दिवस काढायचा, उभा, आडवा, उलटा, जसा असेल तसा.

आठ वाजता दादांनी बॅग उचलली आणि दारातून वळून म्हणाले, "मॅडम, आय गो नाऊ."

आपण मराठीत म्हणतोच ना, 'येतो मी', 'जातो मी', अगदी निघता निघता. त्यांनी तेच जसंच्या तसं आणलं होतं. इंग्लिशमधे तिथे 'आय ॲम गोइंग' हवं, म्हणजे मघाशी खोडलेला ॲम परत आणायला लागणार. आज नाही सांगितलं. गुरुवारी तिथूनच सुरू करते.